बिनजोडीचं कलबूत

संग्रहालयाच्या पायऱ्यांवर धाकटी दोनदा थांबली, तिथंच जोडेवाल्याचं डोकं तापलं.

"चावतोय ना डावा जोडा?"

"नाही रे दादा. नवा आहे, सवय होईल."

"सहा महिने सवयच होतेय तुझी!"

या पाठच्या बहिणीचं डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. त्या एका पावलासाठी त्यानं तरुणपणी कलबूत घडवलं होतं. जोडा ज्यावर चढवून शिवतात, तो लाकडी पाय. पाऊल बदललं की कलबुतावर तो चामड्याची चकती ठोकायचा. हाड वाढलं, एक चकती. सूज राहिली, आणखी एक चकती. तीस वर्षांत अकरा. मग सुनेनं दुकान आवरलं. जोडीची कलबुतं नीट मांडली आणि हे बिनजोडीचं, ओबडधोबड, भंगारात दिलं. तेव्हापासून धाकटीला एक जोडा धड बसेल तर शपथ.

आजची तिकिटंही सुनेचीच. "टाकाऊतून केलेली कला आहे, मामंजी. जरा मन रमेल."

मन कसलं रमतंय! पहिल्या दालनात चमच्यांचा मासा, दुसऱ्यात केसांची गादी. "न्हाव्यानं झाडू मारला नाही, की झाली कला," तो पुटपुटला. धाकटी तोंडाला पदर लावून हसली.

तिसऱ्या दालनात छताला टांगलेला मोठा पक्षी होता. पंख सगळे कलबुतांचे.

"अगं, तुझा पाय!" जोडेवाला ओरडला. लोक वळून धाकटीच्या पायाकडे बघू लागले.

"काका, दोरीच्या मागं," पहारेकरी म्हणाला.

"माझी वस्तू आहे ती!"

"इथली प्रत्येक वस्तू कुणाची तरी होतीच, काका."

कचेरीतून बाई आल्या. एक कलबूत काढलं तर पंख निखळेल, म्हणाल्या. अर्ज करा, कलाकाराला विचारू, वेळ लागेल.

"माझी बहीण लंगडतेय आणि तुमचा पक्षी उडतोय!"

बाई निघून गेल्या. तो बाकावर धपकन बसला. धाकटीनं शेजारी बसून जोडा काढला आणि संग्रहालयाच्या माहितीपत्रकाची कोरी बाजू पावलाखाली सरकवली.

"काढ माप."

"कागदावर नुसती लांबी-रुंदी येते गं. उंचवटे कुठून आणू? ते तिकडं टांगलेत!"

"मग तिकडं बघ नि इकडं लिही."

कानामागची पेन्सिल काढून तो गुडघ्यांवर बसला. मान वर, मान खाली. करंगळीपाशी एक, घोट्याखाली दोन.

"काका, इथं चित्र काढायला मनाई आहे."

"चित्र कसलं डोंबलाचं!"

दहा चकत्या उतरल्या. अकरावी टाचेच्या पलीकडच्या अंगाला, पक्ष्याच्या पोटाकडे वळलेली. तो दोरीच्या या टोकाला गेला, त्या टोकाला गेला, उकिडवा बसला. दिसेचना. चरफडत परत आला.

धाकटीनं त्याचा अंगठा धरला आणि टाचेवर टेकवला.

"इथं. जरा हळू रे, ठणकतंय."

सहा महिने ती सवय होईल म्हणत होती. त्यानं तिथं फुली मारली, इतकी दाबून की कागद फाटला.