आज काकू काय जेवली?

समुद्रगरुडाला आमच्या मालवणात काकण म्हणतात. माझे वडील, भाई, फोनवर बोलून मेसेज लिहीत आणि फोन दरवेळी काकणाची 'काकू' करी. घरट्यावरचा कॅमेरा रोज बघणाऱ्या ग्रुपमध्ये मग त्या मादीचं नावच काकू पडलं.

त्या सकाळी पुण्याच्या संचिताने विचारलं, "भाई, आज काकू काय जेवली?"

"समुद्रातलो साप. तुका हवो गो?"

"नको! पिल्लू कधी उडेल?"

"वारो बघूया."

बांद्याच्या शाळेत चहा घेताना मी हे वाचलं आणि तासाला गेले. त्या ग्रुपमध्ये मी दुसऱ्याच नावाने होते. कधी काही लिहीत नसे. घरी एकटे असलेले भाई ठीक आहेत, एवढं मला त्यातून कळायचं. फोन करून विचारलं तर म्हणत, "माका काय झाला?"

त्याच रात्री ते झोपेत गेले.

दिवसकार्य उरकल्यावर मी त्यांचा फोन उघडला. ग्रुपवर संचिताचा मेसेज होता: "भाई, खंय आसात? पिल्लू तुमच्यासाठी थांबलंय." संचिता त्यांच्याकडूनच मालवणी शिकली होती. ते गेल्याचं मी ग्रुपवर कळवलं, आणि पिल्लू खरंच अजून थांबलंय का, ते पाहायला फोनवर घरट्याचा कॅमेरा लावला.

ते फांदीच्या टोकावर बसलं होतं. वारा आला. त्याने पंख पसरले, आणि फांदी रिकामी झाली.

बोलून मेसेज लिहायचं बटण न दाबताच मी मोठ्याने म्हणाले, "भाई, पिल्लू उडाला. आणि तुमचो मेसेज इलो की मगच माझो दिस सुरू व्हायचो."