दोन्ही प्रती

बाइंडरने उपचारांना होकार दिला, डॉक्टरांचं पेन उचलून सही ठोकली आणि टोपण लावून पेन जागेवर ठेवलं. मग यातलं काहीच घडलेलं नाही अशा चेहऱ्याने तो खुर्चीत सावरून बसला.

"बरं," तो म्हणाला, "मग काय करायचं म्हणता?"

डॉक्टरांनी सहीकडे पाहिलं. शाई अजून ओली होती.

"काका, तुम्ही आत्ताच हो म्हणालात."

"मी? मी खोकलो."

"छोट्या," शेजारून ताई म्हणाली, "खोकताना कुणी आडनावासकट सही करत नाही."

छोट्याने सत्तरी ओलांडली होती. पण ताई त्याच्याहून मोठी होती आणि त्यात आता बदल होण्यासारखा नव्हता. ती सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेली. तो घराच्याच तळमजल्यावर अजून पुस्तकं बांधत होता. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. तिच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून तिला जिना उतरवणं, न्हाणीघरात नेणं, सगळं त्याच्याकडे होतं. इंजेक्शनं आणि किरणोपचार सुरू झाले की अंगात ताकद उरणार नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा त्याने आधी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं होतं. तिने डोळे वटारले म्हणून सही झाली, एवढंच.

"मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात," तो डॉक्टरांना म्हणाला, "प्रोस्टेटची गाठ गरीब आहे. नुसती नजर ठेवू."

"दिसायला गरीबच आहे हो. पण आता तिच्या पेशींमधली गुणसूत्रं तपासली. दहाव्यातला एक तुकडा गळालाय, आठव्याचा एक जास्तीचा आलाय. अशी मोडतोड सापडली की गाठ पुढे उग्र होण्याचा धोका वाढतो."

"म्हणजे कव्हर झकास आणि आत बोंब."

"तसंच काहीसं."

"हे आमच्या घराण्यातून आलंय का?" ताईने विचारलं.

"नाही. या चुका फक्त गाठीतल्या पेशींत झाल्यात. जन्मापासून नव्हत्या."

"बघ. यातही वडिलांचा काही दोष नाही. सगळं तुझं तूच केलंस."

बाइंडरने रिपोर्टचे कागद उचलले आणि टेबलावर ठोकून त्यांच्या कडा जुळवल्या. पानं गहाळ, सोळा पानांचा एक फॉर्मा दोनदा शिवलेला. हे तर त्याचं रोजचंच दुखणं. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"पण डॉक्टर, गुणसूत्रांच्या जोड्या असतात ना? मग एवढं काय? एका प्रतीतली पानं गेली तर दुसरीवरून भरायची. आयुष्यभर तेच करत आलोय मी. चला, ठेवू नजर."

तो उठायलाच लागला. डॉक्टरांनी हाताने त्याला थांबवलं.

"काका, दोन्ही प्रतींतला गेलाय."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"तोच तुकडा?"

"तोच."

बाइंडर खाली बसला. त्याने कागद पुन्हा ठोकले. कडा मघाशीच जुळल्या होत्या, तरी तो ठोकत राहिला. शेवटचं पान उलटून त्याने मागे पाहिलं. कोरं होतं.

"मग हिला खाली कोण उतरवणार?" तो कागदांना म्हणाला.

"मी काय कपाट आहे?" ताई म्हणाली. "बसेन वरच. खाली आहे काय बघण्यासारखं? तुझा खळीचा डबा?"

ताई डॉक्टरांकडे वळली.

"उपचार घेतले तर किती काळ निघेल?"

"पुष्कळ निघू शकतो."

"पुष्कळ म्हणजे माझ्यानंतरपर्यंत?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

ताईने काठी रोवली. बाइंडर अर्धा उठला, तशी तिने त्याला नजरेनेच बसवलं. टेबलाची कड धरून, ओठ घट्ट मिटून ती एकटीच उभी राहिली. श्वास जागेवर यायला तिला जरा वेळ लागला.

"घ्या लिहून," ती डॉक्टरांना म्हणाली. डॉक्टरांनी गोंधळून पेन उचललं.

"उपरोक्त रुग्णाच्या बाबतीत विनंती करण्यात येते की, भावंडांच्या जाण्याचा क्रम ज्येष्ठतेनुसारच ठेवण्यात यावा, व कनिष्ठास कोणत्याही कारणास्तव अगोदर जाण्याची मुभा देण्यात येऊ नये."