बुजगावण्याच्या अंगातला कोट

मास्तर कोट शिवत. त्यांचा मित्र छापखान्यात मशीन चालवी. मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून अखंड बोलायची सवय लागल्यामुळे सगळे त्याला रेडिओ म्हणत. सुट्टी पाहून त्याने मास्तरांना दुकानातून अक्षरशः ओढून बाहेर काढलं. नदीच्या काठाकाठाने जुन्या पुलापर्यंत चालायचं, डबा खायचा, परत फिरायचं, एवढाच बेत.

दुपार कलली तेव्हा काठावरच्या शेतात एक बुजगावणं दिसलं. याचा कोट आपल्यापेक्षा बरा आहे, असं रेडिओ म्हणतोय तोवर मास्तर तरातरा शेतात शिरले होते. कोट तपकिरी, पण तिसरं काज हिरव्या दोऱ्याचं. तो मास्तरांनीच शिवला होता; त्या दिवशी दुकानातला तपकिरी दोरा संपला होता आणि धाकट्या भावाला दम निघत नव्हता. नऊ वर्षांपूर्वीच्या थंडीत हाच कोट घालून तो घरातून बाहेर पडला, तो आजतागायत परतला नव्हता.

मास्तरांनी ते काज अंगठ्याने चाचपून पाहिलं.

शेतमालकीण विळा घेऊनच आली, पण सगळं ऐकून नरमली. तो तरुण तिला आठवत होता. नदी उतरून पलीकडे निघाला होता. कोट भिजेल म्हणून कुंपणावर टाकला, येताना नेतो म्हणाला. पलीकडचा काठ चढताना तिने त्याला डोळ्यांनी पाहिलं होतं.

"दोन वर्षं खुंटीला ठेवला, भाऊ," ती म्हणाली. "पण कातरवेळी वाटायचं, भिंतीशी कुणी उभंय. न्या आता तुमचा तुम्ही."

कोटाची काख उसवली होती. मास्तरांनी कॉलरखाली टोचलेली सुई काढली, तिथेच उभ्याउभ्या चार टाके घातले आणि बटणं लावली.

"राहू द्या इथंच. मागायला आला तर इथंच येईल."

परतीच्या वाटेत डब्याची पिशवी रेडिओने स्वतःकडे घेतली. मास्तर मात्र दर वळणावर थांबून पलीकडचा काठ न्याहाळत होते.

घरी त्यांनी आईपासून काहीच लपवलं नाही. ती डोळे मिटून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे त्या थंडीत तो नुसत्या सदऱ्यावर गेला का रे?"

अजूनही दुकानात कुणी तरुण नुसत्या सदऱ्यावर आला, की त्यांची कात्री कापडातच थांबते.