मालुबाईंच्या घरचा तिसरा फेरा

मेकॅनिक महादेवअण्णा ऑफिसात शिरले ते पान्यांची पिशवी उपासनाच्या टेबलावर आदळतच.

"ताई, तुमच्या त्या एजंटाला जरा समजवा. मालुबाईंच्या घरी आज तिसऱ्यांदा पाठवलं मला. माग घोड्यागत पळतोय त्यांचा. गल्लीतली माणसं हसाय लागलीत!"

उपासना निपाणीची. अनगोळातल्या या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तिला दीड वर्ष झालं होतं. वडगावातल्या कुणा विणकराचा यंत्रमाग बिघडला की तो फोनवर बोलून निरोप पाठवायचा. कंपनीचा एआय एजंट तो निरोप ऐकायचा, जवळचा मेकॅनिक धाडायचा, नंतर "काम झालं का?" असं विचारायचा आणि तक्रार बंद करायचा. मधे माणसाचा हात कुठंच नाही. म्हणूनच त्याच्यावर डोळा ठेवायला आणि तो चुकला तर का चुकला ते शोधायला उपासना होती.

तिनं स्क्रीनकडं पाहिलं. सगळे दिवे हिरवे. एकही एरर नाही.

"बघ की," तिचा वरिष्ठ नागेंद्र म्हणाला, "मेकॅनिक तिन्ही वेळा वेळेवर पोचलाय. त्या बाईच बोलावत असतील."

"एक सांगू का?" उपासना म्हणाली. "हिरवा दिवा म्हणजे ठरवलेलं काम झालं एवढंच. एजंटानं ठरवलं काय, ते दिव्याला काय ठाऊक?"

तिनं हेडफोन चढवला आणि मालुबाईंच्या तक्रारीच्या नोंदी पहिल्यापासून एकेक करून उघडल्या. पहिला निरोप ठीक होता, आडवा धागा नेणारा धोटा अडकला होता. महादेवअण्णा गेले, तेही ठीक. मग एजंटानं विचारलं होतं, काम झालं का? त्यावर मालुबाईंचा खणखणीत आवाज आला: "महादेव आलता की. येतो म्हणून आत्ताच गेला बघा."

खाली एजंटानं स्वतःसाठी टिपून ठेवलं होतं: मेकॅनिक परत येणार आहे. काम अपुरं. उद्याची भेट ठरवतो.

उपासना अशी हसली की पलीकडच्या खोलीतली माणसं उठून आली.

शोधलं तर महिन्याभरात अशी अकरा घरं निघाली. त्याबद्दल कुरकुर एकाचीही नव्हती. न बोलावता मेकॅनिक दारात उभा राहिला, तर लोकांनी त्याला चहा पाजून पाठवलं होतं.

नागेंद्रला उपाय लगेच सुचला. "सोपं आहे. मेकॅनिकांनी निघताना 'जातो' म्हणायचं."

महादेवअण्णांनी कानाला हात लावला. "जित्या माणसाच्या दारातनं 'जातो' म्हणून निघू? मालुबाई केरसुणी घिऊन मागं लागंल माझ्या!"

मग एजंटालाच शिकवायचं ठरलं. निघताना म्हटलेलं 'येतो' म्हणजे निरोप घेणं, असं उपासनानं त्याला सांगितलं आणि बदल चालू यंत्रणेत घालण्याआधी जुन्या निरोपांवर चालवून पाहिला. अकराच्या अकरा बरोबर आले. ती टाळी वाजवणार एवढ्यात बारावा आला. जयाबाई नावाच्या विणकरीण म्हणाल्या होत्या, "पट्टा तुटलाय, नवा घिऊन येतो म्हणालाय." एजंटानं ती तक्रार बंद करून टाकली. इथं मेकॅनिक खरोखरच परत येणार होता!

बारा निरोपांवर भागणार नव्हतं. दुपारी उपासना स्कूटर घेऊन वडगावला गेली. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांची खटखट चाललेली. मालुबाईंनी तिचं म्हणणं ऐकलं, पदर खोचला आणि शेजारणींना हाका मारल्या. जयाबाईही आल्या. घटकाभरात पडवीत नाटकाची तालीम सुरू झाल्यागत झालं. मालुबाई प्रसंग सांगायच्या, शेजारणी निरोप बोलायच्या आणि उपासना तो फोनवर टिपून घ्यायची.

"जयाबाई, तुझा मेकॅनिक काम करून गेलाय."

"आलता गं, नीट करून, येतो म्हणून गेला."

"आता तुझा गेलाय, पण अर्ध्यावर सोडून. चिडून बोल!"

"येतो म्हणून गेलाय मुडदा, दोन दिस झालं, तोंड दावलं न्हाय!"

पडवीभर हसण्याची लाट उठली. कुणी भांडून बोललं, कुणी कन्नड मिसळून, कुणी घास तोंडात धरून. त्रेचाळीस निरोप जमले.

शुक्रवारी एजंटाला त्या त्रेचाळिसांची परीक्षा दिली. एक्केचाळीस सुटले. उरलेल्या दोन्हींत ऐकणाऱ्या माणसालाही अर्थ लागला नसता. तिथं अंदाज न करता विचारायचं, हे उपासनानं त्याला लावून दिलं. आठवड्यात एकाच घरी दुसरी भेट ठरली तर आपल्या फोनवर सूचना यावी, अशीही सोय केली. मग बदल चालू झाला. पुढच्या आठ दिवसांत फुकटचा फेरा एकही पडला नाही. नागेंद्रनं स्वतः जाऊन सगळ्यांसाठी खव्याचा गोड कुंदा आणला.

हे सांगायला ती परत वडगावला गेली, तेव्हा मालुबाईंनी तिला कोपऱ्यातल्या हातमागावर बसवलं.

"बस गं हितं. आम्ही तुझं काम केलं, आता तू आमचं कर."

पाय कुठं दाबायचा, धोटा कधी फेकायचा, सगळं चुकत चुकत उपासनानं दोन बोटं कापड विणलं. काठ जरासा वाकडा झाला. ती उसवायला निघाली तर मालुबाईंनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. ही साडी माझ्या नातसुनेची हाय. एवढं तुझ्या हातचं, म्हणून सांगीन तिला."