वाघाशेजारी ससा

भर दुपारच्या शांततेत ओट्यावरून एक झाकण घसरलं. आधी खण्णकन, मग फरशीवर गरागरा, मग आणखी जोरात, आणखी बारीक. थांबावं की नाही याचा त्याचा निर्णयच होईना. तिनं पाय टाकून ते दाबलं खरं, पण उशीर झाला होता. आतल्या खोलीत पलंग करकरला आणि तिची चार वर्षांची लेक भिंगरी, डोक्यावर केसांचं घरटं घेऊन, अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी दारात येऊन उभी राहिली.

"खांबकाका आलेत?"

खांबकाका आले नव्हते. ते साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये उभे होते. एका कंपनीचे मुख्य साहेब, हाताखाली हजारभर माणसं. आणि आत्ता दोन्ही हात मांड्यांना चिकटवून खांबासारखे असे उभे, की जणू वर्गात उशिरा आल्यामुळे बाईंनी कोपरा दाखवलाय.

"हो बाळ, आलोय," फोन म्हणाला. "मॅडम, मी कुठे होतो?"

"साहेब, तुम्ही 'मित्रहो'वर होतात. गेली वीस मिनिटं."

साहेबांच्या कंपनीनं फरशी झाडणारं एक यंत्र बनवलं होतं. ताटाएवढं, गोल, पोटाशी ब्रश. आपलं आपण घरभर फिरायचं. त्याची मोठी फुशारकी अशी, की त्याला कचरा आणि पसारा यांतला फरक कळतो: चुरा दिसला की गिळतं, खेळणं दिसलं की वळसा घालून पुढे जातं. (हे अनेक नवऱ्यांना कळत नाही, असं तिला वाटलं होतं; पण तिनं ते भाषणात घातलं नाही.) यंत्राचा पहिला स्क्रू साहेबांनी स्वतः पिळलेला. पण त्याबद्दल चार माणसांत बोला म्हटलं, की तोंडाला कुलूप आणि किल्ली विहिरीत.

आणि हल्ली वस्तू नुसती चांगली असून भागत नाही ना! कंपनीच्या मुख्यानंच मंचावर चढावं लागतं. अंधारं सभागृह, मागे भिंतीएवढा पडदा. इकडे तीन पावलं, तिकडे तीन पावलं. तळवे उघडे. मध्येच थांबायचं, लोकांना श्वास रोखायला लावायचा, आणि मग आकाशातून चंद्र उतरवून आणल्यासारखी वस्तू दाखवायची. ज्याला हे जमतं त्याचा माल हातोहात खपतो.

कंपनीत हे जमणारा एक माणूस होता. विक्रीचे प्रमुख. आवाज इतका मऊ, की सगळे त्यांना मखमल म्हणत. टकल्याला कंगवा विकतील आणि वर तेलाची बाटली. पण कंपनी ज्यांनी काढली त्या मोठ्या बाई हट्टाला पेटल्या होत्या. "ज्यानं बनवलं त्यानंच सांगायचं." साहेबांना बोलतं करायला तिला कामावर घेताना बाईंनी सरळच सांगितलं, "तीन आठवडे. साहेब बोलले तर तुम्ही इथे कायमच्या. नाही बोलले तर पुढच्या वेळेपासून मखमल उभे राहतील, आणि त्यांना शिकवायला कुणी लागत नाही."

तीन आठवडे! आठ वर्षं तिनं नाटकात कामं केली होती. भिंगरी झाली आणि मंच आक्रसत आक्रसत ओट्यापुरता उरला. प्रेक्षक एक, तोही मध्येच शी आली म्हणून उठून जाणारा. चार वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला तिचं काम मागितलं होतं. हे हुकलं तर आपल्याला काही येत होतं, हे आपणच विसरून जाऊ, अशी तिला भीती होती. ती कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. त्यानं लगेच समजूत काढली असती, आणि समजूत काढून घ्यायला तिच्याकडे वेळ नव्हता.

समोरच्या काचेवर अक्षरं सरकवून पाहिली. साहेबांची बुबुळं या कडेपासून त्या कडेपर्यंत अशी पळत, की बघणाऱ्याला चक्कर यावी. पाठ करून घेतलं, तर मध्ये एक शब्द सांडला की साहेब पुन्हा पहिल्यापासून, "मित्रहो!"

"मॅडम," त्या दुपारी फोनमधून साहेब कळवळून म्हणाले, "मी इंजिनिअर आहे हो. मला नकाशा द्या. कुठून कुठे जायचं ते कळलं की मी जातो. हे नुसतं हवेत बोलणं म्हणजे…"

भिंगरी एव्हाना फरशीवर फतकल मारून बसली होती आणि तिच्याजवळच्या स्टिकरमधलं एक बदक फरशीवर चिकटवत होती. जिभेचं टोक बाहेर, सगळा जीव अंगठ्यात.

तिनं बदकाकडे बघितलं. मग फोनकडे. मग पुन्हा बदकाकडे.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "बदक म्हणजे स्वागत."

पुढचं दहा मिनिटांत ठरलं. हत्ती म्हणजे मोठी अडचण: घरातला न संपणारा केर. मासा म्हणजे यंत्र, सुळकन येणारं. वाघ म्हणजे किंमत, कारण तिला सगळेच घाबरतात. आणि ससा म्हणजे आभार, नमस्कार, टुणकन बाहेर. साहेबांनी आपल्या दिवाणखान्यात पाच चित्रं चिकटवली. बदकावर उभे राहिले आणि बोलले. हत्तीवर गेले, बोलले. पाय चालले की जीभ चालायची! आठवडाभरात खांबाला पालवी फुटली. हात तेवढे अजून मांड्यांना होते.

"हातांचं काय करू?"

"विसरून जा साहेब."

"विसरा म्हटलं की जास्त आठवतात."

कार्यक्रम सकाळी अकराला होता. आठ वाजता नणंदेचा फोन. "वहिनी, अंगात ताप आहे गं. भिंगरीला सांभाळते खरी, पण मग तिलाही देईन."

"नको नको, तू पड. मी बघते."

बघणार काय? भिंगरीचे बाबा सकाळच्या पाळीला गेलेले. तिनं एका खांद्याला पिशवी घेतली, एका कडेवर लेक, आणि सभागृहाच्या मागच्या दारानं आत शिरली.

रिकाम्या मंचावर तिनं तळहाताएवढी पाच चित्रं ओळीनं चिकटवली. बदक, हत्ती, मासा, वाघ, ससा. मग साहेबांच्या कॉलरला माइक लावायला विंगेत आली. वायर शर्टाच्या आतून न्यायची होती आणि साहेबांना गुदगुल्या होत होत्या. एका कंपनीचा प्रमुख "अहो नको, अहो नको" करत वाकडातिकडा होत होता. सगळं मिळून पाच मिनिटं गेली असतील. भिंगरी बाजूला शहाण्यासारखी बसली होती. निदान तिनं मागे वळून बघितलं तेव्हा बसली होती.

दार उघडलं, लोक भरले. पहिल्या रांगेत मोठ्या बाई, शेजारी मखमल, पायावर पाय टाकून. दिवे मंदावले.

साहेब बदकावर गेले. "मित्रहो, स्वागत!" आवाज खणखणीत.

साहेब पुढच्या चित्रावर गेले. खाली बघितलं. क्षणभर थांबले. पण तो माणूस इंजिनिअर. नकाशात जे आहे ते आहे.

"आपण सगळे इथे आलात, मनापासून आभार," ते म्हणाले. "पुन्हा भेटू. नमस्कार!"

लोक एकमेकांकडे बघू लागले.

पण दिवे-संगीतवाल्याला शिकवलंच होतं, की 'नमस्कार' म्हटलं की शेवट. त्यानं इमानेइतबारे बटण दाबलं. जोरदार सुरावट सुरू झाली आणि छतावरून रंगीत कागदाचे तुकडे कोसळले. थोडेथोडके नाही, पोतंभर. साहेबांच्या डोक्यावर, खांद्यावर, चष्म्यावर. मंचाची फरशी जवळजवळ दिसेनाशी झाली.

तिनं भिंगरीला उचलून कडेवर घेतलं. "हे काय झालं?"

"मी सशाला बदकाजवळ नेलं," कडेवरून भिंगरी अभिमानानं म्हणाली. "वाघाशेजारी ठेवतात का कुणी? खाईल ना तो!"

सुरावट नेमकी तेव्हाच थांबली, माइक उघडा होता आणि साहेब विंगेपासून चार पावलांवर. सगळ्या सभागृहानं ते ऐकलं.

आधी मागच्या रांगेत कुणीतरी खुदकलं. मग मधल्या. मखमल ओठ दाबून छताकडे बघू लागले. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता या कागदांच्या ढिगात स्वतःला पुरून घ्यावं.

साहेबांनी चष्मा काढला, फुंकर मारून कागद उडवले, पुन्हा चढवला. कागदांतून डोकावणाऱ्या एकेका चित्रावर नजर फिरवली. बदक. ससा. हत्ती. मासा. अगदी टोकाला एकटा वाघ.

"बरोबर आहे तिचं," ते सावकाश म्हणाले. "चूक आमच्या आराखड्यात होती."

हशा असा उसळला, की दिवेवाल्यानं घाबरून सगळे दिवे लावले.

"मग आता हत्ती," साहेब कागद तुडवत पुढे गेले. "हत्ती म्हणजे मोठी अडचण. केर. हा मी सांगणार होतो." त्यांनी आजूबाजूला बघितलं. "पण तो आपण आत्ताच छतावरून मागवला."

ते मासा विसरले. सरळ विंगेत आले, यंत्र स्वतः उचललं, तिच्याकडे बघून डोळे मोठे केले आणि परत गेले. गुडघे टेकून यंत्र खाली ठेवलं. ते घूंऽऽ करत निघालं. निळे, लाल, पिवळे कागद गिळत, फरशी उघडी करत चाललं; बदकाला वळसा, सशाला वळसा, हत्तीला मोठा वळसा. मागच्या पडद्यावर कॅमेरा हे सगळं मोठं करून दाखवत होता; लोक उभे राहून बघायला लागले. "मासा वाचला!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या! यंत्र टोकाला पोचलं.

वाघ भिंगरीनं दोनदा उपटून चिकटवला होता. त्याचा एक कोपरा वर आला होता.

खर्रकन आवाज झाला. यंत्रानं वाघ खाल्ला.

"आई गं!" भिंगरी आनंदानं किंचाळली. "आता ससा कुठेपण राहू शकतो!"

"आणि किंमत?" प्रेक्षकांतून कुणीतरी विचारलं.

"किंमत वाघावर होती," साहेब म्हणाले.

आता मात्र मोठ्या बाईही रुमालात तोंड घालून हलत होत्या. आणि तिनं पाहिलं, साहेबांचे हात मांड्यांना नव्हते. त्यांनी यंत्र उलटं केलं होतं, बोटं आपोआप खाचेत गेली होती, झाकण टक्कन निघालं होतं. हे ब्रशचे दात कसे वाकतात, ही कचऱ्याची पेटी एका हातानं कशी निघते, पहिल्या वेळी ही पेटी बनवली तेव्हा ती कशी फुटली आणि प्रयोगशाळेत तीन दिवस सगळे शिंकत होते. हात बोलत होते आणि तोंड त्यांच्यामागे धावत होतं. रिकामे असताना त्या हातांना काही सुचत नव्हतं, एवढंच. तिला हे तीन आठवडे दिसलं नव्हतं! भिंगरी रडायला लागली की तिच्या हातात काहीतरी द्यायचं, हे तिला रोज सुचत होतं, आणि इथे नाही.

कागदांच्या चिवड्यातून साहेबांनी चुरगळलेला वाघ काढला, झटकला, आपल्या कोटावर चिकटवला, ताठ उभे राहिले आणि किंमत सांगितली. एवढ्या टाळ्या कुठल्याच किमतीला कधी पडल्या नसतील.

नंतर मोठ्या बाई विंगेत आल्या. केसांत अजून दोन निळे कागद.

"हे ठरवून केलंत?"

खोटं अगदी ओठांवर होतं. गोड, तयार, मखमलीसारखं. भिंगरी तिच्याकडे बघत होती.

"नाही बाई. मुलीला कुणाकडे ठेवता आलं नाही, म्हणून आणलं. तिनं चित्रं हलवली, आणि कार्यक्रम सुरू होण्याआधी मी ती तपासली नाहीत. चूक माझी."

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सोमवारी साडेनऊला या. आणि पुढच्या वेळी तपासा."

"म्हणजे…"

"म्हणजे कायमच्या. आणि याही माणसाला घ्या शिकवायला." बाईंनी अंगठा मागे केला. मागे मखमल उभे होते, पहिल्यांदाच ओशाळलेले. "बारा वर्षं बोलतोय," ते खाकरून म्हणाले, "पण माझ्या किमतीला कुणी हसलं नाही हो कधी."

बाहेर टळटळीत ऊन होतं. तिला उड्या माराव्याशा वाटत होत्या. मग तिनं मारल्याच, फुटपाथवर, पिशवीसकट, तीन. भिंगरीनं चार मारल्या. मग भिंगरी साहेबांसारखी चालायला लागली: तीन पावलं इकडे, वळण, तळवे उघडे. "मित्रहो!" समोरून येणारे एक आजोबा दचकून "नमस्कार" म्हणाले आणि दोघी खिदळत एकमेकींवर कोसळल्या.

कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला थांबल्यावर भिंगरीनं तिचा हात ओढला. मघापासून काहीतरी मनात घोळत असावं, कपाळाला बारीक आठी होती.

"आई, खांबकाकांची चित्रं तू चिकटवलीस ना?"

"हो. आणि तू हलवलीस."

"मग तुझी कुणी चिकटवली?"

"माझी कुठे असतात गं?"

भिंगरीनं आईच्या चपलांखालची फरशी नीट बघितली. डावीकडची, उजवीकडची. मग मान वर केली.

"मग पुढे कुठे जायचं, ते तुला कसं कळतं?"