योनाचे दोन दिवस

रंगराव साळव्यांनी फ्रिजवरची पुस्तिका उचलली आणि तांदळाच्या डब्यामागे सरकवली. चोरीची सवय नसल्यामुळे डब्याचं झाकण खाली पडलं. बाहेरच्या खोलीतून बायकोने, सुशीलाबाईंनी, काय पडलं म्हणून विचारलं. काही नाही, पाणी पितोय, असं सांगून ते खरोखरच पेलाभर पाणी प्याले. निदान तेवढं तरी खोटं ठरायला नको.

पुस्तिका त्यांच्याच चर्चच्या मंडळीची होती. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक भाग आणि त्यावर पानभर मनन. शाळेतून निवृत्त झाल्यापासून जुलै महिना लिहायला रंगरावांकडे असे, आणि जुलैत आमोस, योना असे संदेष्टे येत. पाळकसाहेब म्हणत, यांचा आमोस वाचला की वाण्याकडे साखर घेतानासुद्धा आपणच काही चोरलंय असं वाटतं. रंगरावांना ते आवडे. मजकूर आदल्या ऑगस्टात द्यावा लागे. डिसेंबरात तो छापून येई आणि पुढे पुण्यात वारज्यापासून कॅम्पापर्यंत दीडशे घरांत त्या त्या संध्याकाळी मोठ्याने वाचला जाई.

गेल्या ऑगस्टात त्यांनी योनाला दोन दिवस दिले होते. देवाने निनवे शहराला जा म्हटलं, तर हा उलट्या दिशेच्या जहाजात बसला. पहिल्या दिवसाचं मनन एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी राग हातात उतरला होता. ‘आमच्या माहितीतल्या एका मुलीलाही घरात शास्त्राचं शिक्षण मिळालं होतं. संगणकाच्या नोकरीचा पगार हातात आला आणि तिने परक्यांचं जहाज धरलं. अशा जहाजाला पुढे कसलं वादळ गाठतं, ते आपण वाचलंच आहे.’ नाव घातलं नव्हतं. गरजही नव्हती. त्यांच्या लेकीने, नम्रताने, कंपनीतल्या ऋषीशी, धायरीच्या हिंदू शेतकरी घरातल्या मुलाशी, नोंदणी पद्धतीने लग्न केलं, हे मंडळीत पोराटोरांनाही ठाऊक होतं. त्याला तीन वर्षं झाली होती. दोघं बंगळूरला होती, आणि घरात जावयाचं नाव कोणी घेत नव्हतं.

आज नम्रता तीन वर्षांनी आली होती. कंपनीच्या कामासाठी आलेय, एक रात्र राहीन, एवढंच ती फोनवर म्हणाली होती. रंगरावांनी सकाळीच मटण आणलं, तिच्या खोलीतला पंखा पुसला. मग दुपारी सहज आजचं पान उघडलं. योनाचा पहिला दिवस आजच होता. बाहेरगावाहून आलेल्याने संध्याकाळी वाचायचं, हा घरचा नियमही त्यांनीच घातलेला. आता पोरगी हे वाचणार आणि गेली तर कायमची जाणार.

सात वाजता सुशीलाबाईंनी पुस्तिका शोधायला घेतली. आज एखादं स्तोत्रच म्हणू, असं रंगरावांनी सुचवून पाहिलं. सुशीलाबाई भाताचे तांदूळ घ्यायला आत गेल्या आणि पुस्तिका घेऊन बाहेर आल्या.

“आपल्याकडचे उंदीर मनन करायला लागलेत,” त्या म्हणाल्या आणि पुस्तिका लेकीच्या हातात दिली.

नम्रताने पान काढलं. रंगरावांनी चष्मा उतरवून धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला.

“हे मी जानेवारीतच वाचलंय, पप्पा,” ती म्हणाली. “आई दरवर्षी कुरिअरने पाठवते.”

रंगरावांनी बायकोकडे पाहिलं. सुशीलाबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होत्या.

“उद्या मी नसेन. म्हणून उद्याचं वाचते,” असं म्हणून नम्रताने पान उलटलं आणि शाळेत वाचायची तसं सरळ आवाजात वाचलं. समुद्रात माशाने गिळूनही वाचलेला योना निनवे शहराबाहेर सावली धरून बसला. निनवेचं वाटोळं झालेलं त्याला पाहायचं होतं. ते झालं नाही, उलट देवाने त्या लोकांना क्षमा केली, म्हणून हा रुसला. ‘स्वतः माशाच्या पोटातून सुटलेल्या माणसाला दुसऱ्याची सुटका सोसवत नाही,’ असं रंगरावांनी लिहिलं होतं. लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर मंडळीचा कारभार पाहणारे दोन पंच होते. वाक्य जमलं म्हणून त्या दिवशी त्यांनी जास्तीचा चहाही मागून घेतला होता.

वाचन संपलं. आता प्रार्थना त्यांनी करायची होती. सुशीलाबाईंनी डोळे मिटले, पण प्रार्थनेऐवजी प्रश्न ऐकू आला म्हणून पुन्हा उघडले.

“तू तिकडे रोज वाचतेस?” रंगरावांनी विचारलं.

“आम्ही दोघं. मोठ्याने ऋषी वाचतो.”

“मग हे आजचं... त्यांनी पाहिलंय?”

“नाही. मी दाखवलं नाही. तो पुढची पानं उघडत नाही, ज्या त्या दिवशीचं त्या दिवशी वाचतो. मी नसले तरी वाचतो.”

“किती वाजता?”

“साडेसातला.”

घड्याळात सात पस्तीस झाले होते. रंगरावांनी हात पुढे केला. नम्रताने नंबर लावून मोबाइल त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो आधी उलटा धरला, मग नीट कानाला लावला.

“मी रंगराव साळवे बोलतोय,” ते म्हणाले. “नम्रताचे वडील. आजचं वाचन झालं का?”

पलीकडचा आवाज गडबडला. नुकतंच सुरू केलंय, म्हणाला, योना जहाजात बसला तिथवर आलोय.

“तिथेच थांबा,” रंगराव म्हणाले. “त्याच्या पुढचं मी चुकीचं लिहिलंय.”

मग पुढे काय वाचू, असं त्याने विचारलं. रंगरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लेकीच्या हातातली पुस्तिका घेतली.

“पान उलटा, ऋषी,” ते म्हणाले. “आम्हीही इथे तेच वाचतोय.”