मागून पळणारी

अपेक्षा दमत नव्हती, सगळी पंचाईत तिथंच होती. दमली असती तर पल्लवीमॅडमनी तिचा नाद केव्हाच सोडला असता. पिंपरणवाडीच्या शाळेत खेळाच्या शिक्षिकेला दुसरी कामं काही कमी नसतात. पोषण आहाराच्या तांदळापासून वार्षिक संमेलनाच्या मांडवापर्यंत सगळं तिच्याच गळ्यात पडतं. पण ही दहावीतली पोरगी रोज वस्तीवरून पाच किलोमीटर पळत शाळेत यायची, दप्तर ठेवायची, आणि हजेरीला ‘हजर, म्याडम’ म्हणताना तिला साधी धापसुद्धा लागलेली नसायची. असली पोर हाती लागल्यावर कुठला खेळाचा शिक्षक गप्प बसेल?

आणि शर्यतीत ही बया सगळ्यांच्या मागं पळायची.

रेंगाळत म्हणाल तर तसंही नाही. घोळका जितक्या वेगानं जाईल तितक्याच वेगानं, पण दोन हात मागं. घोळका मंदावला की ही मंदावायची, घोळका सुसाट सुटला की ही सुसाट, आणि तरी दोन हात मागंच. तालुक्याच्या शर्यतीत मॅडमनी शेवटच्या दोनशे मीटरला घसा फोडून घेतला तेव्हा कुठं तिनं पंधरा-वीस जणींना ओलांडलं आणि तिसरी आली. जिल्ह्याला साताऱ्यात तोच तमाशा, तिथं पाचवी. एकटीला घड्याळ लावून पळवलं की मात्र चार किलोमीटर पंधरा मिनिटांच्या आत. मॅडमनी ते आकडे वहीत लिहून ठेवले होते आणि अधूनमधून ते बघून त्यांचं डोकं फिरायचं.

“पुढं का जात नाहीस गं?” त्यांनी शंभरदा विचारलं असेल.

“पुढं गेलं की मागचं दिसत न्हाई, म्याडम.”

“मागचं बघून करायचंय काय तुला?”

अपेक्षा दप्तर उचलून चालू लागायची. पण शर्यत संपली की कुणी न विचारता सगळा हिशेब सांगायची. छत्तीस हुत्या, दोघी मदीच बसल्या, निळ्या चड्डीवालीच्या पोटात कळ आली हुती. स्वतःचा नंबर विचारला तर तिला तो आठवायचा नाही.

दोष तिचाही नव्हता म्हणा. तिच्या बापाची, बिराप्पाची, दोनशे मेंढरं. दिवाळीच्या आगंमागं कळप माणदेशातून खाली नदीकाठाला उतरायचा, तेव्हा पुढं बिराप्पा चालायचा आणि मागं अपेक्षा. कळती झाल्यापासून तिचं तेच काम, यंदा दहावीसाठी तेवढी ती वस्तीवर राहिली होती. मागच्या माणसाला एकच गोष्ट बघायची असते, कुणी सुटलं तर नाही ना. दहा वर्षं जे पायांत मुरलं ते शिट्टी फुंकून निघत नाही, हे मॅडमना कळत होतं. कळत होतं म्हणून संताप कमी होत होता असं नाही.

त्यांनी उपाय काही कमी केले नाहीत. पोरांच्या आधी दोन मिनिटं तिला सोडून पाहिलं, तर पोरं येईपर्यंत ती हळूहळू पळत राहिली आणि पोरं पुढं गेल्यावर त्यांच्या मागं लागली. नवे बूट कबूल करून पाहिले. रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. अबोल्याचा उलट त्यांनाच त्रास झाला, कारण अपेक्षाला त्यात काही वावगं वाटलंच नाही.

आता विभागाची शर्यत सांगलीत होती. पहिल्या सहा जणी राज्याला जाणार, आणि राज्याला गेलेल्या मुलींना पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार. राहणं, खाणं, शिक्षण, पळणं, सगळं तिथं. पण ते सतराच्या आतल्या गटालाच, आणि अपेक्षाचं हे त्या गटातलं शेवटचं वर्ष. ही संधी हुकली तर दहावी झाली की काठी घेऊन परत कळपामागं. मॅडमना रात्री झोपेत पोरींचा घोळका दिसायचा आणि त्याच्या दोन हात मागं ती निवांत पळताना दिसायची.

शेवटी त्यांनी बिराप्पालाच फोन लावला. कळप तेव्हा उंब्रजजवळ एका शेतात बसवला होता. मॅडमनी अर्धा तास गाऱ्हाणं सांगितलं. पलीकडून नुसतं “व्हय, व्हय” येत राहिलं, आणि मध्ये मध्ये मेंढरांचं बें बें.

“येतो मी सांगलीला,” बिराप्पा शेवटी म्हणाला. मॅडमनी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला.

शर्यत शहराबाहेरच्या एका मैदानावर होती. मैदानातून निघायचं, उसाच्या शेतांना वळसा घालून कालव्याच्या कच्च्या वाटेनं परत मैदानात यायचं. शेवटच्या दोनशे मीटरला दोन्ही बाजूंनी दोरी बांधली होती. मुख्य पंच आदगोंडा पाटील, निवृत्त शिक्षक, पांढरी टोपी, आवाज अजून खणखणीत. त्यांनी भोंग्यावरून बजावलं, “दोरीच्या आत कुणीही येणार नाही. शिक्षकांनी मुलीला बोट जरी लावलं तरी मुलगी बाद. मग माझ्याकडं रडत यायचं नाही.” मॅडमना हा नियम तोंडपाठ होता. तालुक्याला याच नियमावर बोट ठेवून त्यांनी दुसऱ्या शाळेच्या एका सरांशी चांगलं कडाक्याचं भांडण केलं होतं.

बिराप्पा सकाळच्या एसटीनं आला. लाल फेटा, खांद्यावर घोंगडं. आल्या आल्या त्यानं लेकीला बाजूला घेतलं, दोन-तीन वाक्यं बोलला आणि येऊन दोरीपाशी उकिडवा बसला.

“काय सांगितलंत तिला?” मॅडमनी विचारलं.

“काय न्हाई. म्हनलं, पुढल्या पोरी दुसऱ्याच्या उसात निगाल्यात. वळव जा.”

“अहो, पोरी म्हणजे काय मेंढरं आहेत?”

“न्हाईत की. पर तिला तसंच कळतंय, त्याला काय करायचं?” बिराप्पा शांतपणे म्हणाला. “कळपाचं म्होरं उभ्या पिकाकडं वळलं की मागच्याला पळावंच लागतंय. कळपाला भाईरनं वळसा घालायचा आन म्होरं जाऊन उभं ऱ्हायाचं. तवा मागं बघत बसलं तर शेतकरी काय आमाला सोडतोय व्हय?”

तीन महिने त्यांनी शास्त्रशुद्ध सराव घेतला होता, आणि हा माणूस उसाची गोष्ट सांगून मोकळा.

शिट्टी झाली. शेहेचाळीस पोरी सुटल्या आणि अपेक्षा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागं. मैदानातून बाहेर पडताना तिनं घोळक्यावरून एक नजरही फिरवली. मोजतेय, मॅडम मनात म्हणाल्या, मोज बाई, सगळ्या मोज. त्यांनी दोरीचा खांब इतका घट्ट धरला की तो हलायला लागला.

नऊ मिनिटं काही दिसलं नाही. मग कालव्याच्या भरावावर पोरी दिसायला लागल्या. पुढं सात-आठ जणींचा झुबका, मागं लांबलचक रांग. आणि रांगेच्या बाहेरून, वाट सोडून, नांगरलेल्या रानाच्या कडेनं एकटीच कुणीतरी पळत होती. ढेकळांतून, वेडीवाकडी, पण भयंकर वेगानं. सगळ्या रांगेला बाहेरून वळसा घालून.

“अगं मधनं ये, मधनं!” मॅडम किंचाळल्या. एवढ्या लांबून ऐकू जाणार नव्हतंच. सरळ वाट सोडून ही पोरगी पन्नास-शंभर मीटर जास्त पळत होती. देवानं असले पाय दिले आणि त्यांच्याबरोबर असलं डोकं.

पण ती पुढं येत होती. मैदानात शिरताना पाचवी, दोरीपाशी आली तेव्हा दुसरी. मग पहिलीला तिनं बाहेरून ओलांडलं आणि ती एकटीच पुढं राहिली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मागं न बघता पळणारी अपेक्षा त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. रेषा वीस पावलांवर आली, पंधरा, दहा.

दहा पावलं उरली असताना अपेक्षा थांबली, गर्रकन मागं वळली, आणि दोन्ही हात पसरून पळत येणाऱ्या पोरींसमोर उभी राहिली.

दुसऱ्या नंबरची पोर बिचारी भांबावून जागच्या जागी थबकली. मागच्या दोघी तिच्यावर आदळता आदळता राहिल्या. आख्ख्या मैदानाला काय चाललंय कळेना. बिराप्पा मात्र समाधानानं मान डोलवत होता. मॅडमच्या डोक्यात तीन महिन्यांचं जे काही साठलं होतं ते एकदम फुटलं. त्या दोरीखालून आत घुसल्या, अपेक्षाचा दंड धरला आणि “पुढं, पुढं, मूर्ख मुली!” असं ओरडत तिला ओढत रेषेपलीकडे नेलं.

अपेक्षा पहिली आली.

दोन मिनिटांत पंचांच्या टेबलाभोवती गर्दी झाली. कोल्हापूरकडच्या एका शाळेच्या सरांनी तक्रार केली होती. आदगोंडा पाटलांनी चष्मा काढून पुसला. “मी घड्याळात बघत होतो, मॅडम. मला दिसलं नाही. तुम्हीच सांगा. हात लावला का?”

मॅडमचं तोंड उघडलं होतं. ‘नाही सर, नुसती ओरडले’ हे वाक्य अगदी जिभेवर तयार होतं. पुण्याचं वसतिगृह त्या एका वाक्यावर उभं होतं, आणि त्या ते बोलणारच होत्या.

“वढलं की,” अपेक्षा म्हणाली. “हितं.” आणि तिनं दंडावरचे बोटांचे लाल वळ पंचांना दाखवले.

मॅडमना वाटलं, हिला इथंच धरून झोडावं. पंचांनी तिचं नाव खोडलं. खोडताना ते हळूच म्हणाले, “वाईट वाटतं, बाई. पोरगी लई जोरात पळाली.”

तेवढ्यात दुसऱ्या नंबरची पोर, जी आता पहिली झाली होती, अंग चोरत म्हणाली, “सर, पण ती परत रेषेकडं फिरलीच होती. मी थांबले तसं ती हसली आणि वळली. तेवढ्यात मॅडम आल्या.”

“व्हय,” अपेक्षा म्हणाली. “मेंढरं थांबली की सोडायची असतात. मी निगालेच हुते. म्होरं दहा पावलं तर हुती.”

मॅडम मैदानाच्या कडेला गेल्या आणि बिराप्पाशेजारी मातीतच बसल्या. पोरगी चुकली असती तर चिडता आलं असतं, बापावर चिडता आलं असतं, नियमावरसुद्धा. ज्या पोरीला त्या तीन महिने ‘कळत कसं नाही’ म्हणून बोलत होत्या, तिला सगळं कळत होतं. दहा पावलं धीर त्यांना धरवला नाही.

“माझ्यामुळं गेलं, दादा,” त्या म्हणाल्या, आणि पोरींसमोर कधी रडल्या नव्हत्या त्या तिथं सगळ्यांदेखत रडल्या.

बिराप्पानं तंबाखू मळायला घेतली. “गेलं खरं,” तो म्हणाला. खोटं बोलून धीर देण्याची रीत त्याला माहीत नसावी. मग म्हणाला, “मला उंब्रजची गाडी गाठायची हाय. पोरीला इचारा, कळपाकडं येती का वस्तीवर जाती.”

अपेक्षा छातीवरच्या नंबराच्या टाचण्या काढत येत होती. तिचे डोळेही लाल होते, म्हणजे कुठंतरी बाजूला जाऊन ती रडून आली होती. बापाचा प्रश्न तिनं ऐकला होता.

“कुटंच न्हाई. मी साळंत जाती,” ती म्हणाली. “म्याडम, आपल्यात अकरावी हाय न्हवं? मोठ्या गटाला किती असतंय?”

“सहा किलोमीटर,” मॅडम नाक पुसत म्हणाल्या.

“मग मी अकरावी तितंच घेती. म्होरं पळीन आन मागं वळणार न्हाई, रेघ येईस्तवर.” तीन महिन्यांत तिनं कधी मॅडमकडं असं रोखून पाहिलं नव्हतं. “पर तुमी दोरीच्या भाईर ऱ्हायाचं.”

मॅडमनी मान हलवली.

“मान हलवू नगा, म्याडम. तोंडानं सांगा.”

“राहीन,” पल्लवीमॅडम म्हणाल्या.